मोडणे म्हणजे काय

शर्वरी आवटीनं आयुष्यात पुष्कळ लिहिलं, पण जगानं वाचलं ते एकच: 'वैखरी' प्रकल्पाचं आवृत्तीधोरण. साडेचार पानं. त्यातल्या तिसऱ्या कलमाचं शीर्षक होतं 'मोडणे म्हणजे काय'. त्या कलमावर तिचा इतका जीव, की कुणी त्यातला स्वल्पविराम हलवला तरी बाई दिवसभर फुरंगटून बसायची.

वैखरी काय होतं ते आधी सांगायला हवं. पक्षाघातानं ज्याची वाचा जाते त्याचा मेंदू काही गप्प बसत नाही. 'पाणी' म्हणायचं ठरलं की जीभ आणि ओठ हलवायचा हुकूम तो सोडतोच, फक्त तो खाली पोचत नाही. मग त्या जागी नखाएवढी चिप बसवायची, तिच्या तारांनी हुकूम मध्येच पकडायचा, आणि कमरेला लावलेल्या डबीतल्या सॉफ्टवेअरनं त्याचे शब्द करून स्पीकरमधून बोलून दाखवायचे. चिपा कंपन्यांच्या असत. सॉफ्टवेअर मात्र कुणाच्याच मालकीचं नाही, मुक्तस्रोत. कोड साऱ्या जगाला उघडा, ज्याला येतं त्यानं सुधारावा. त्यातला मराठीचा भाग शर्वरी आणि तिचा नवरा सारंग या दोघांनी मिरजेतल्या दोन खोल्यांत बसून लिहिला होता.

आता असं सॉफ्टवेअर बदलत राहतं. प्रत्येक नव्या आवृत्तीला आकडे असतात आणि त्या आकड्यांत एक वचन असतं. पहिला आकडा बदलला, चाराचे पाच झाले, की समजायचं जुनं काहीतरी मोडलंय, विचारल्याशिवाय घेऊ नका. नुसता मधला बदलला, ४.५ ची ४.६ झाली, की नवं काही आलंय पण जुनं शाबूत आहे, बिनघोर घ्या. म्हणून मधल्या आकड्याची आवृत्ती रुग्णाच्या डबीत आपोआप जाऊन बसायची. आणि अमुक बदलानं जुनं मोडतं की नाही, हे मराठीपुरतं ठरवायची शर्वरी.

घरात तर तो शब्द रोजचा होता. सारंग आतल्या खोलीतून ओरडायचा, "शर्वरी, मोडलं!" आणि ही हातातली कणीक तशीच टाकून पळायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "रोज उठून काय मोडतंय गं तुमचं? भांडं नाही, कप नाही, आणि आरडाओरडा बघा!"

सारंगला एक्केचाळिसाव्या वर्षी झटका आला. मेंदूच्या देठाशी. शुद्ध होती, कान शाबूत होते, अक्कल जागेवर होती, पण पापण्या सोडल्या तर मानेखाली आणि मानेवर काही म्हणजे काही हलेना. शर्वरीनं सहा महिन्यांत त्याला चिप बसवून आणली. पहिल्या पिढीची, एकशे अठ्ठावीस तारांची. चारेकशे शब्द पकडायची, तेही बहुतेक दवाखान्यातले: पाणी, दुखतंय, बंद, चालू, हवं, नको, हाड, मोडलं. सात आठवडे सराव झाला आणि एका सकाळी स्पीकरमधून शब्द आले, "आपण जिंकलो." सारंगच्या आईंनी देवापुढं पेढे ठेवले. शर्वरी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

वर्षभरानं दुसरा, लहानसा झटका आला आणि पापण्याही गेल्या. तोवर 'हो'ला डोळे मिटता यायचे, तेही संपलं. आता त्याच्याकडे एक चिपच उरली. नव्या पिढीच्या, दोन हजार तारांच्या चिपा बाजारात आल्या होत्या, पण सर्जननं साफ सांगितलं, "रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. कवटी पुन्हा उघडायची नाही. टेबलावरच जातील."

मग आला तो सोमवार. लिस्बनचा टोमास, वैखरीचा जुना कार्यकर्ता आणि चांगला माणूस, त्यानं एक सुचवण पाठवली. मराठीच्या कोडमध्ये फक्त जुन्या चिपांसाठी लिहिलेला एक तुकडा होता. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आपण जाऊ' म्हटलं की समोरचा त्यात आला, 'आम्ही जाऊ' म्हटलं की तो वगळला. नव्या चिपांना हा फरक थेट कळायचा. जुनीला तारा कमी, म्हणून बोलणाऱ्याच्या मनात समोरचा माणूस आहे की नाही, याची पुसटशी चाहूल घेऊन वाक्याला एक खूण लावायची, असा तो तुकडा. सारंगनं लिहिलेला. टोमासचं म्हणणं असं, की त्यानं सगळं संथ होतं. जगात असल्या चिपा आता शंभरही नाहीत. खूण काढू, दोन्हीला एकच शब्द देऊ. आणि रुग्ण 'तू आणि मी' असं लांबण लावत असेल, तर तेही त्याच एका शब्दात बसवू, बिचाऱ्याचे कष्ट वाचतील. "अर्थ तर इंग्रजीतला 'वी' हाच ना?" त्यानं विचारलं होतं.

शर्वरीनं चाचण्या लावल्या. चार हजार चाचण्या, चार हजार हिरव्या, म्हणजे पास. का नसाव्यात? वाक्य शुद्ध आहे का, वेळेत येतं का, 'हो'चं 'नको' तर होत नाही ना, एवढंच त्या तपासायच्या. 'आपण जाऊ' शुद्ध, 'आम्ही जाऊ'ही शुद्ध. तिसऱ्या कलमात तिनंच लिहिलं होतं, चाचणी पडली तर मोडलं, नाहीतर नाही. त्या दिवशी तिच्यापुढं असल्या तीस सुचवण्या होत्या आणि अकरा वाजता सारंगची पोटातली नळी बदलायला नर्स येणार होती. तिनं लिहिलं, "मोडत नाही. मधला आकडा." आणि उठली.

बुधवारी ४.६ सारंगच्या डबीत आपसूक जाऊन बसली.

त्याच आठवड्यात पुण्याहून विचारणा आली. वैखरीचं तिथं कार्यालय निघत होतं आणि शर्वरीनं ते सांभाळावं असं सगळ्यांच्या मनात होतं. ती सारंगच्या उशाशी बसली. आई ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होत्या.

"सारंग, पुण्याला जायचं का रे? तुला, आईंना, सगळ्यांनाच घेऊन. तुला काय वाटतं?"

स्पीकरमधून आवाज आला, "आम्ही इथं राहू."

आईंचा हात थांबला. शर्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही नाही," सारंग म्हणाला. "आम्ही."

"तेच विचारतेय. आम्ही म्हणजे कोण? तू आणि आई?"

"नाही. आम्ही. आम्ही मोडलं." आणि पुन्हा, "आम्ही मोडलं."

आई हळूच म्हणाल्या, "असू दे गं. माझ्यापाशी राहायचं म्हणायलाय. तू जा हवं तर." वाईट बाई नव्हत्या त्या. पण लेकानं इतक्या वर्षांनी आपल्याला धरून 'आम्ही' म्हटलं, याचा आनंद तोंडावर दिसल्यावाचून राहीना.

इतकी हुशार बाई, जगाला 'मोडणे म्हणजे काय' शिकवणारी, तिला तेव्हा शंका का येऊ नये? मला विचाराल तर, चोराच्या मनात चांदणं. दोन वर्षं नळ्या, कूस बदलणं, पाठीवरच्या जखमा करून ती पार पिचली होती. सगळं टाकून जावं असं तिच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. त्यामुळं नवऱ्यानं 'आम्ही मोडलं' म्हटल्यावर तिला ते लगेच पटलं. याला कळलंय, हा मला सोडवतोय, नाहीतर हाकलतोय, असं ती धरून बसली. त्या घरात वीस वर्षं 'मोडलं' म्हणजे काय होतं, ते तिच्या डोक्यातही आलं नाही.

तो मात्र थांबेना. महिनाभर रोज तेच. "आम्ही नाही. आम्ही." डॉक्टरांनी ऐकलं आणि मान हलवली. एकाच शब्दावर माणूस असा अडकतो, म्हणजे मेंदू थकत चाललाय, म्हणाले. शर्वरी ज्येष्ठात पुण्याला गेली. आधी दर पंधरवड्याला यायची, मग महिन्यानं, मग फोनवर भागायला लागलं.

चौदा महिन्यांनी वैखरीत एक भोक सापडलं. जुन्या चिपांना कुलूप बसवता येत नव्हतं, आणि त्यांच्यासाठी कोडमध्ये ठेवलेल्या दारातून परका माणूस आत शिरून कुणाच्याही तोंडी काहीही शब्द घालू शकत होता. जुन्या चिपा जगात नऊ उरल्या होत्या. वैखरीवर बोलणारे लोक होते साठ हजार. दार बुजवायला हवं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. ५.० निघणार आणि त्यात जुन्यांना जागा नसणार. डबीला दर महिन्याला प्रकल्पाची डिजिटल सही लागायची, नाहीतर चिप एक तरंगही बाहेर सोडत नसे. जुन्या चिपांची सही करणारी किल्लीच नष्ट करायची ठरली, म्हणजे ती कुणाच्या हाती लागायची भीती नको. मात्र धोरणात कलम होतं, तेही शर्वरीचंच: मागं राहणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं. ज्याला हवं असेल त्याच्या डबीला किल्ली जायच्या आधीच कायमची सही देऊन ठेवायची, आणि त्याच्यापुरती वेगळी, इंटरनेटपासून तोडलेली प्रत कुणीतरी जबाबदारीनं चालवायची.

त्या नवातला एक मिरजेत होता. शर्वरी रविवारी दुपारी गेली. प्रवासभर तिनं ठरवलं होतं की हो म्हणाला तर आपण चालवू ती प्रत, मरेपर्यंत चालवू.

"सारंग, जुन्या चिपा बंद होणार आहेत. तुझ्यापुरतं हे असंच चालू ठेवू का मी?"

"हे नको," तो म्हणाला. आणि पुढं, "आम्ही मोडलं. हे नको."

एकदा, फक्त एकदा तिनं विचारलं असतं, 'नको म्हणजे काय नको?' पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला आईंना दाखवायचं नव्हतं. तिनं फॉर्मवर लिहिलं, 'रुग्णाला नको आहे', खाली पत्नी म्हणून सही केली, शेजारच्या रकान्यात प्रकल्पातर्फे सही केली, आणि चारची गाडी पकडली.

पुढच्या तीन आठवड्यांत आईंचे फोन आले. "अगं, दिवसभर 'नको नको' करायलाय."

"माहितेय आई. लिहून घेतलंय मी."

"आणि सारखं 'बंद नको, बंद नको.' म्हणून पंखा चालूच ठेवलाय बघ. पावसाची गार हवा, हातपाय गार पडलेत पोराचे. पण बंद नको म्हणतो, त्याला मी तरी काय करू?"

"चादर घाला दोन," शर्वरी म्हणाली. तिला मीटिंग होती.

किल्ली सात देशांत सात तुकड्यांनी ठेवलेली होती. एका मंगळवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर सातही तुकडे वितळवले. पुण्यातला तुकडा शर्वरीच्या हातचा. टाळ्या झाल्या, तिनंही वाजवल्या. शनिवारी डबीतल्या सहीचा महिना संपला आणि अकराच्या सुमारास मिरजेत सारंगचा स्पीकर बोलता बोलता थांबला.

त्यानंतरच्या सोमवारी ती जुना कोड झाडायला बसली. जे लागत नाही ते काढून टाकायचं, साधं काम. आपणच मंजूर केलेली ४.६ समोर आली, तिच्यात खोडलेला सारंगचा तुकडा दिसला, आणि त्याच्या डोक्यावर त्याची टीप. सुचवण वाचताना तिनं तेव्हा टीप उघडली नव्हती. टीप अशी होती:

'ही खूण काढू नये. काढल्यास "आपण जेवू"चं "आम्ही जेवू" होतं आणि बायको उपाशी राहते. मोडतं. – सा.'

तिला आधी हसू आलं. मग तिनं टीप पुन्हा वाचली.

सारंगच्या मेंदूचे तरंग परवानगीनं प्रकल्पाकडे साठवलेले होते, चौदा महिन्यांचे. साठवलेलं वाचायला किल्ली लागत नाही. तिनं ते जुन्या ४.५ मधून पुन्हा वाचायला लावले आणि पडद्यावर ओळी उतरू लागल्या.

'आपण इथं राहू.'

'आम्ही नाही. आपण.'

'नाही. आपण. "आपण" मोडलं.'

"'आपण' मोडलं." तो घरातून ओरडायचा तसाच ओरडत होता. पडल्या पडल्या त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं की नव्या आवृत्तीत खूण गेली, आणि ज्या बाईनं ती दुरुस्त करायची तिलाच तो सांगत होता. पण त्या वाक्यातलाही 'आपण' बाहेर पडताना 'आम्ही' होत होता. एके दिवशी त्यानं 'तू आणि मी, तू आणि मी' असं अकरा वेळा म्हटलं होतं. तेही सॉफ्टवेअरनं, त्याचे कष्ट वाचावेत म्हणून, 'आम्ही' केलं होतं. "'आपण' मोडलं" चारशे बारा वेळा होतं. फॉर्म भरला त्या दुपारचं वाक्य होतं, 'हे नको. "आपण" मोडलं. हे नको.' असंच चालू ठेवू का, असं तिनं विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, असं नको. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र चूक काहीच नव्हती. 'बंद नको' हे दोन्ही आवृत्त्यांत 'बंद नको'च होतं.

शर्वरी ऑफिसात सगळ्यांदेखत ओरडून रडली. शेजारच्या मुलींनी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. टोमासला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "पण चाचण्या तर हिरव्या होत्या, शर्वरी. धोरणाप्रमाणं आपण काही मोडलं नाही."

"किल्ली?"

"सातही तुकडे गेले. तू तिथं होतीस."

सर्जनला फोन केला. त्यांनी तेच सांगितलं जे दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. चिपेच्या कंपनीला केला. ती कंपनी केव्हाच दुसरीनं घेतली होती आणि त्या दुसरीत जुनं कुणाला काही माहीत नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो.

ती मिरजेला गेली ती सामान घेऊनच. आईंना स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे ध चा मा झाला म्हण की."

"हो. मी केला, आई."

आई ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग तो 'आम्ही' म्हणायचा, ते तू आणि तो. माझं त्यात काहीच नव्हतं."

शर्वरीला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. आई उठल्या, सारंगच्या खोलीत जाऊन पंखा बंद केला, आणि त्याच्या गार तळव्यांना तेल चोळत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. डोळ्यांत औषध घालून नर्सनं पापण्या टेपनं वर चिकटवल्या होत्या. तो छताकडे बघत होता, किंवा नव्हता.

"सारंग, मोडलं होतं. तू बरोबर होतास. मी मंजूर केलं होतं."

काही झालं नाही. व्हायचं नव्हतंच, पण ती थोडा वेळ थांबली. मग छापून आणलेले कागद तिनं काढले आणि त्याची वाक्यं त्याला वाचून दाखवायला लागली. तारीख, वेळ, वाक्य. सगळी. आपलं बोलणं कुणापर्यंत तरी पोचलं, हे त्याला कळावं, एवढंच तिच्या हातात होतं. "बारा मार्च, सव्वादहा. 'आपण इथं राहू.'" चारशे बारा वेळा तेच आलं तरी तिनं एकही गाळलं नाही. आवाज बसला, तेव्हा गरम पाणी प्यायली आणि पुन्हा वाचायला लागली. वाचून व्हायला तीन दिवस लागले. त्याला हे ऐकू येतंय का, ऐकून बरं वाटतंय की तो आतून 'पुरे, पुरे' म्हणून टाहो फोडतोय, हे कळायचा कोणताही मार्ग तिनं शिल्लक ठेवला नव्हता.

चौथ्या दिवशी डॉक्टर महिन्याच्या तपासणीला आले. छाती ऐकली, रक्तदाब घेतला, पाठ बघितली. आई दाराशी उभ्या होत्या.

"काळजी करू नका," डॉक्टर खुशीत म्हणाले. "हार्ट एकदम ठणठणीत. फुप्फुसं स्वच्छ. अशी काळजी घेतलीत तर अजून पंचवीस-तीस वर्षं यांना काही होत नाही."

शर्वरीनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं. परत आली, खुर्चीत बसली. सारंगचे डोळे छताला लागलेले होते. कागद संपले होते, आणि आता काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं.